हमसाया

उर्दूत शेजाऱ्याला एक जुना शब्द आहे, हमसाया. तो फारसीतून आला. ‘हम’ म्हणजे एकत्र, सारखा आणि ‘साया’ म्हणजे सावली. ज्यांची सावली एक, ते हमसाये. आमच्या घरात दखनी आणि दाराबाहेर मराठी, त्यामुळे एका गोष्टीला दोन शब्द मिळण्याची चैन मला लहानपणापासून आहे. पण या दोन शब्दांत मला नेहमी एक फरक वाटत आला. शेजारी म्हटलं की डोळ्यांसमोर भिंत येते. हमसाया म्हटलं की झाड येतं.

आज बोलायचं आहे ते झाडांच्याच शेजाराविषयी. मी कवी माणूस, बी.ए. झालेला, तेही मराठी घेऊन. वनस्पतिशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. पण सोलापूरकडच्या कोरडवाहू मुलखात आयुष्य गेलं, बांधावर उठबस झाली आणि या विषयावरचं जे हाती लागलं ते वाचत आलो. त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला. एका झाडाची सावली दुसऱ्यावर पडते, तेव्हा तो उपकार असतो की अतिक्रमण?

माणसाला शेजार पटला नाही तर तो घर बदलतो, गाव सोडतो, निदान दार लावून घेतो. झाडाला यातलं काहीच जमत नाही. बी जिथं पडलं तिथं जन्म काढायचा. शेजारी मिळेल तो आपला. त्याच्याशी जमिनीवर उजेडासाठी आणि जमिनीखाली पाण्यासाठी रोजचा संबंध. म्हणून हा प्रश्न झाडाच्या दृष्टीनं जगण्या-मरण्याचा आहे.

शेतकऱ्याला विचाराल तर तो क्षणात उत्तर देईल. बांधावरच्या बाभळीखाली ज्वारीची ताटं खुजी राहतात, कणसं भरत नाहीत. याला आमच्याकडे वसवा म्हणतात. भावकीतली निम्मी भांडणं बांधावरून होतात आणि उरलेली वसव्यावरून. ‘तण खाई धन’ ही म्हण तर शाळेत न गेलेल्यालाही पाठ असते. शेजारी म्हणजे वाटेकरी, असा हा रोकडा हिशोब आहे आणि तो खोटा नाही.

शास्त्रज्ञांचा हिशोबही पुष्कळ काळ असाच होता. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली आलं आणि त्यातला ‘जीवनसंघर्ष’ हा शब्द जगभर झाला. गंमत अशी, की आपण हा शब्द व्यापक, लाक्षणिक अर्थानं वापरतो आहोत, एका जीवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्यात येतं, हे डार्विननं तिथंच सांगून ठेवलं होतं. वाळवंटाच्या कडेला उगवलेलं झाड दुष्काळाशी झगडतं, हे उदाहरणही त्याचंच. पण लोकांनी संघर्ष तेवढा उचलला आणि अवलंबून असणं सोडून दिलं. रशियाच्या क्रोपोटकिननं तरुणपणी सैबेरिया पालथा घातला होता. त्याला तिथल्या प्राण्यांत आपसातली चुरस फारशी दिसली नाही. दिसली ती थंडीशी, हिमवादळांशी झुंज आणि त्या झुंजीत एकमेकांना दिलेला हात. १९०२ साली त्यानं ‘म्युच्युअल एड’ हे पुस्तक लिहिलं. त्यात भर प्राण्यांवर आणि माणसांवर होता. झाडांची बाजू मांडायला आणखी बराच काळ जावा लागला.

१९९४ साली मार्क बर्टनेस आणि रॅगन कॅलवे या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक साधा विचार मांडला. जिथं सुबत्ता आहे, पाणी आहे, खत-माती आहे, तिथं झाडं एकमेकांशी स्पर्धा करतात. जिथं परिस्थिती बिकट होत जाते, ऊन, खार, थंडी, वारा यांचा मारा वाढतो, तिथं शेजाऱ्याचा उपद्रव कमी होत जातो आणि आधार वाढत जातो. सावलीमुळे थोडा उजेड कमी मिळतो हे खरं. पण जिथं उजेडच जाळतो आहे, तिथं त्या तोट्याचं काय दुःख?

हा विचार तपासून पाहण्यासाठी कॅलवे आणि जगभरातल्या त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा पर्वतप्रदेश निवडले. प्रत्येक ठिकाणी काही झाडांभोवतीचे शेजारी उपटून टाकले, काहींभोवतीचे तसेच ठेवले आणि काय होतं ते पाहिलं. एकूण ११५ जातींची झाडंझुडपं होती. डोंगराच्या खालच्या, उबदार अंगाला शेजारी काढल्यावर बहुतेकांची भरभराट झाली. वर, जिथं गारठा आणि वारा, तिथं शेजारी काढल्यावर तीच तऱ्हा उलटी झाली. एकटी पडलेली झाडं खुरटली, मेली. हे काम २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. शेजारी वैरी की सखा, याचं उत्तर डोंगराची उंची बदलली की बदलतं, हे एकाच वेळी इतक्या ठिकाणी दिसलं.

आता डोंगरावरून वाळवंटात जाऊ. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर सोनोरा नावाचं वाळवंट आहे. सिनेमात आपण पाहतो ते हात वर केलेले उंचच उंच निवडुंग तिथले. त्यांना सग्वारो म्हणतात. आज चाळीस फूट उंच दिसणारा हा पहाडासारखा गडी लहानपणी अंगठ्याएवढा असतो. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. एवढा काळ उघड्यावर काढला तर उन्हानं करपेल, थंडीच्या रात्री गोठेल, नाहीतर एखादा उंदीर कुरतडून टाकील. म्हणून जगलेले सग्वारो बहुधा पालो वेर्दे किंवा तशाच एखाद्या काटेरी झाडाच्या पोटाखाली वाढलेले सापडतात. तिथले अभ्यासक अशा झाडाला ‘नर्स’ म्हणतात. आपण दाई म्हणू.

पण गोष्ट इथं संपत नाही. दाईच्या सावलीत वाढलेला सग्वारो मोठा होतो, त्याची मुळं वरच्या थरात दूरवर पसरतात आणि पडेल तो पाऊस आधी तोच पिऊन टाकतो. खालची दाई तहानेली राहते. पुष्कळदा ती त्याच्या आधी वाळून जाते. वाळवंटात हिंडताना भला थोरला सग्वारो दिसतो आणि त्याच्या पायाशी एका झाडाचा सांगाडा. ज्या शेजारानं वाचवलं तोच शेजार पुढं भोवला. वय बदललं की नातं बदललं.

हे सारं परदेशातलंच आहे असं समजू नका. आमच्या गावच्या कब्रस्तानात नांगर जात नाही, त्यामुळे तिथं रान आपल्या मनासारखं वाढतं. कबरींवर लोक सब्जा लावतात, तो पावसाळ्यापुरता असतो. बाकी बोराटीच्या जाळ्या. शेळ्या सगळीकडे तोंड घालतात, पण बोरीच्या काट्यांत घालत नाहीत. बुलबुल त्या जाळीवर येऊन बसतो, लिंबोळीचा गर खातो आणि बी तिथंच टाकतो. पालापाचोळा साचलेला, माती ओलसर, ऊन गाळून येणारं. काही वर्षांनी त्या जाळीच्या मधोमध कडुलिंबाचा शेंडा वर निघतो. आज जे मोठे लिंब तिथं उभे आहेत त्यांतल्या कितीतरींच्या बुडाशी बोरीची जुनी खोडं दिसतात. कुणी लावले नाहीत, कुणी पाणी घातलं नाही.

आपल्या शेतातही हा व्यवहार जुना आहे. खरिपात बाजरीत नाहीतर ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायच्या, ही रीत कुठल्या खात्यानं शिकवलेली नाही. बाजरी झरझर वाढते, तीन महिन्यांत घरात येते. तूर तोवर अंग चोरून उभी असते. बाजरी निघाली की ती हातपाय पसरते आणि खोल गेलेल्या मुळांनी मागे राहिलेल्या ओलीवर पौष महिन्यापर्यंत तग धरते. एकाच रानात दोघी, पण दोघींच्या भुकेच्या वेळा वेगळ्या. रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडई लावतात, तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. तेलाचं पीकही झालं आणि कुंपणही झालं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. कोरडवाहू पिकांचा अभ्यास तिथं १९७२ पासून चालतो. तिथं काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीविषयी एक शोध लावला, तो १९९० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तांबड्या जमिनीत स्फुरद असतं, पण ते लोहाशी घट्ट बांधलेलं असतं. बहुतेक पिकांना ते मिळत नाही. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात, ते ही गाठ सोडवतं. त्यामुळे तूर पीकपद्धतीत असली की त्या जमिनीतलं कामी येणारं स्फुरद एकूणच वाढतं. काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधलेलं असतं, तिथं तुरीची ही करामत तितकी चालत नाही. म्हणजे तूर चांगली शेजारीण खरी, पण कुठल्या जमिनीत, हे विचारायला हवं.

पाण्याचंही असंच. अमेरिकेतल्या युटा राज्यात सेजब्रश नावाचं झुडूप आहे. त्याची खोल मुळं दिवसा पाणी ओढतात. रात्री पानांची रंध्रं मिटतात, तेव्हा ते पाणी वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. हे १९८७ साली ध्यानात आलं. दोन वर्षांनी तिथल्याच शास्त्रज्ञांनी झुडपाच्या खोल मुळांना खूण केलेलं, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी दिलं. ते पाणी शेजारच्या गवतात सापडलं. झुडपानं रात्री आपल्यासाठी उपसून ठेवलेल्या पाण्यातलं थोडं शेजारचं गवत पिऊन जातं. झुडपानं ते दान दिलं का? नाही. गवतानं चोरलं का? तसंही म्हणता येत नाही. माती एक आहे, एवढंच.

इथं माझ्यातला कवी फार लवकर हुरळतो आणि त्याला आवरावं लागतं. झाडाला दया नसते, कपटही नसतं. सावली त्याच्या इच्छेशिवाय पडते. याचा सगळ्यात बोचरा दाखला आपल्या ज्वारीतच आहे. ज्वारीच्या रानात टारफुला उगवतो. नाजूक फुलांचं एवढंसं झाड, पण जमिनीखाली त्याची मुळं ज्वारीच्या मुळांत घुसलेली असतात आणि तिचा जीवनरस शोषत असतात. त्याचं धुळीसारखं बी मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं. जवळ यजमानाचं मूळ आलं, हे त्याला कळल्याशिवाय ते रुजत नाही. कळतं कसं? मुळातून झिरपणाऱ्या एका द्रव्यामुळे. असं द्रव्य १९६६ साली प्रथम वेगळं केलं गेलं, तेही कपाशीच्या मुळांच्या स्रावातून. पण स्वतःचा घात करणारं द्रव्य मूळ सोडतंच का, हे कोडं जवळजवळ चाळीस वर्षं सुटलं नव्हतं. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते सोडवलं. जमिनीतली एक उपयोगी बुरशी झाडाला स्फुरद आणून देते. हे द्रव्य म्हणजे त्या बुरशीला घातलेली साद आहे. जमीन जितकी भुकेली तितकी झाडाची साद मोठी. ती मित्रानं ऐकावी म्हणून आहे, पण चोरही ऐकतो. म्हणून टारफुला हलक्या, उपाशी जमिनीत जास्त माजतो.

तेव्हा ‘संकट आलं की सगळे एक होतात’ असा गोड निष्कर्ष काढायची घाई नको. संकट फार पराकोटीला गेलं तर काय होतं, हे आपल्याच देशात लडाखमध्ये तपासलं गेलं आहे. तिथं साडेपाच हजार मीटरच्याही वर एक वनस्पती वाढते, दगडासारख्या घट्ट हिरव्या उशीच्या आकाराची. इतर अनेक पर्वतांवर अशा उशीसारख्या झाडांच्या उबेत दुसरी रोपं आश्रय घेतात. लडाखमध्ये मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटं आढळलं. उशीच्या आतपेक्षा बाहेरच्या उघड्या जागेत जास्त जाती होत्या. ती उशी इतकी घट्ट, की दुसऱ्याला शिरायला जागाच नाही. आधार मिळायचा तर शेजाऱ्यापाशी थोडी फट असावी लागते.

माणसांचं वेगळं असतं का? १९७२च्या दुष्काळात मी कडेवरचं पोर होतो, मला काही आठवत नाही. अम्मी सांगायची, आळीतल्या बायका मिळून खडी फोडायला जायच्या. एक म्हातारी सगळ्यांची पोरं सांभाळायची, सुकडी सगळ्यांत वाटली जायची. कोण कुणाच्या जातीचं, हे त्या वर्षी कुणी विचारलं नाही. पुढं पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, त्यांवर मोटारी बसल्या आणि त्याच घरांची एकमेकांवर कोर्टात प्रकरणं उभी राहिली. मात्र २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच्या आधी तिथं पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. टंचाई माणसाला जवळ आणते, हे खरं. एका मर्यादेपलीकडे ती ओढाताणही करायला लावते, हेही तितकंच खरं. झाडांकडून शिकायचंच असेल तर हे शिकावं, की शेजारी भला की बुरा हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या जमिनीत, कुठल्या हंगामात आणि कुठल्या वयात, हा उरलेला अर्धा.

हे नुसतं चिंतन राहू नये म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो. २०१६ ते २०१९ या वर्षांत आपल्या राज्यात दर पावसाळ्यात कोट्यवधी रोपं लावण्याच्या मोहिमा झाल्या. त्यांतली किती जगली, यावर बोलणंही पुष्कळ झालं. शाळा, मंडळं, हौशी माणसं आजही टेकड्यांवर रोपं लावतात आणि मी पाहतो, तिथं पहिलं काम असतं सफाईचं. झुडपं तोडायची, टेकडी स्वच्छ करायची, उघड्या जागी खड्डे घ्यायचे. दिसायला ते नीटनेटकं दिसतं. पण मार्च उजाडला की त्या उघड्या खड्ड्यातलं रोप एकटं असतं.

स्पेनमध्येही अशीच पद्धत होती. तिथल्या सिएरा नेवाडा पर्वतावर आणि आसपास काही संशोधकांनी ती मोडून पाहिली. अठरा हजारांवर रोपं, काही उघड्यावर आणि काही झुडपांच्या आडोशाला, अशी लावली. २००४ साली त्यांनी हिशोब मांडला. झुडपांच्या आडोशाची रोपं एकूण जास्त जगली आणि हा फायदा कोरड्या, उन्हाच्या उतारांवर सगळ्यात मोठा होता. मात्र झुडूप कुठलंही चाललं नाही. रॉकरोज नावाच्या एका झुडपाखाली रोपांना फायद्याऐवजी तोटा झाला.

आपल्याकडेही सगळीच झुडपं दाई नव्हेत. घाणेरी आणि गाजरगवत आजूबाजूचं रुजू देत नाहीत. ती काढलीच पाहिजेत. ऊस-केळीच्या बागायती रानात तण ठेवण्यात शहाणपण नाही, तिथं पाणी आहे आणि तिथला शेजारी वाटेकरीच ठरणार. पण माळरानावर, मुरमाड टेकडीवर बोर, करवंद, तरवड दिसली तर कोयता थोडा थांबवा. बोर-करवंदीला काटे आहेत आणि तरवडाला जनावर तोंड लावत नाही. खड्डा त्या झुडपाच्या ईशान्येला, हातभर अंतरावर घ्या. म्हणजे दुपारनंतरचं कडक ऊन झुडूप अंगावर घेईल आणि रोपाला सकाळचं कोवळं ऊन मिळेल. पाच-सहा वर्षांनी रोपाचं झाड झालं, त्याला उजेड कमी पडू लागला, की मग झुडपाच्या चार फांद्या छाटायच्या का, ते त्या वेळी तिथं उभं राहून ठरवा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)